मोटारविम्यातील बोनसची राखण : जादा पैसे भरावेत का?



आमच्या कार्यक्रमाकडे पत्रे येतात ती बहुधा भातावरचा करपा, भेंडीवरची अळी, खाऱ्या जमिनीची मशागत अशा विषयांवर. या खेपेस राई गावच्या एका भाजीपाला बागायतदार बंधूंनी वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरी एक छोटी मोटार आहे. विम्याची मुदत संपत आली आहे. एजंटाचे म्हणणे असे की, नेहमीच्या हप्त्यावर ८०० रुपये जादा भरा, म्हणजे उद्या अपघात होऊन भरपाई घेतली तरी तुमचा बोनस जाणार नाही. गाडी आता थोरला मुलगा चालवू लागला आहे. तेव्हा हे ८०० रुपये भरावेत की न भरावेत, असा त्यांचा सवाल आहे.

हा प्रश्न शेतीचा नाही, असे कोणी म्हणेल. पण मोटारीचा हप्ता जातो तो वांग्याभेंडीच्या पैशातूनच. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन या पट्ट्यात आणि घोडबंदर रस्त्याच्या अंगाला चेणे-वर्सोव्याकडे ज्यांनी अजून शेती धरून ठेवली आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दारात आज चारचाकी उभी आहे. एकेका फवारणीचा हिशेब आपण वहीत लिहितो. विम्याच्या कागदावर मात्र एजंट बोट ठेवील तिथे सही करतो. म्हणून या पत्रकात हा विषय घेतला आहे. हिशेब पाचवी शिकलेल्या माणसालाही जमेल असा आहे. हातात आपली पॉलिसी घेऊन वाचा.

विम्याचे दोन भाग

मोटारीच्या विम्यात दोन वेगळे भाग असतात. पहिला भाग तिऱ्हाइताचा, म्हणजे पॉलिसीवर 'थर्ड पार्टी' लिहिलेले असते तो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई या भागातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरवते, त्यात घासाघीस चालत नाही आणि बोनसही मिळत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. पॉलिसीवर 'ओन डॅमेज' असे छापलेले असते. हा भाग ऐच्छिक आहे. १ जानेवारी २००७ पासून याचे दर कंपन्या आपापले ठरवतात, म्हणून एकाच गाडीला दोन कंपन्यांचे दोन आकडे येतात. बोनसची सारी गोष्ट या दुसऱ्या भागापुरतीच आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. पॉलिसीवरच्या एकूण रकमेवर बोनस मोजू नका; फसगत होईल.

बोनस म्हणजे काय?

बोनस म्हणजे हातात मिळणारे पैसे नव्हेत. वर्षभरात आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षीच्या 'ओन डॅमेज' हप्त्यात मिळणारी ती सूट आहे. तिचे प्रमाण असे :

१ वर्ष भरपाई मागितली नाही तर २० टक्के
सलग २ वर्षे : २५ टक्के
सलग ३ वर्षे : ३५ टक्के
सलग ४ वर्षे : ४५ टक्के
सलग ५ वर्षे : ५० टक्के

पन्नासच्या वर सूट जात नाही. पायऱ्या चढायला पाच वर्षे लागतात, पण एकदा भरपाई घेतली की माणूस थेट जोत्यावरून अंगणात येतो. पुढच्या वर्षी सूट शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

आणखी एक गोष्ट. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तरी विमा कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेऊन तो तीन वर्षांच्या आत आपल्या नव्या गाडीला लावता येतो. मात्र गाडी त्याच वर्गातली हवी. घरगुती मोटारीचा बोनस पिवळ्या पाटीच्या टेम्पोला लागत नाही.

बोनस गेला तर किती नुकसान?

राईच्या बंधूंचाच आकडा घेऊ. त्यांच्या पॉलिसीवर सूट वजा करण्यापूर्वीचा 'ओन डॅमेज'चा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे. पाच वर्षांहून अधिक काळ त्यांनी भरपाई घेतलेली नाही. म्हणून ५० टक्के सूट मिळून ते ४,००० रुपये भरतात. समजा, यंदा अपघात होऊन त्यांनी भरपाई घेतली आणि त्यानंतर पुन्हा कधी घेतली नाही. मूळ हप्ता तेवढाच राहिला असे धरून आणि कर बाजूला ठेवून पुढची वर्षे अशी जातील :

पहिले वर्ष : सूट नाही. भरावे लागतील ८,०००. जादा ४,०००.
दुसरे वर्ष : सूट २० टक्के. भरावे लागतील ६,४००. जादा २,४००.
तिसरे वर्ष : सूट २५ टक्के. भरावे लागतील ६,०००. जादा २,०००.
चौथे वर्ष : सूट ३५ टक्के. भरावे लागतील ५,२००. जादा १,२००.
पाचवे वर्ष : सूट ४५ टक्के. भरावे लागतील ४,४००. जादा ४००.
सहावे वर्ष : सूट पुन्हा ५० टक्के. जादा काही नाही.

जादा रकमांची बेरीज झाली १०,००० रुपये. म्हणजे मूळ हप्त्याच्या सव्वापट. हा 'सव्वापटी'चा हिशेब लक्षात ठेवा. ज्यांची सूट ५० टक्क्यांवर पोचली आहे, त्यांचा बोनस गेला तर पाच वर्षांत मिळून मूळ हप्त्याच्या सव्वापट रक्कम जाते. मूळ हप्ता ६,००० असेल तर ७,५००. मूळ हप्ता ४,००० असेल तर ५,०००.

प्रत्यक्षात ही रक्कम थोडी कमीच भरते, कारण गाडी जुनी होत जाते तशी तिची विम्यातली किंमत उतरते आणि मूळ हप्ताही सहसा उतरतो. पण हिशेबाला सव्वापट धरावी. जास्त धरलेले बरे.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी काशीमिऱ्याच्या नाक्यावर वळताना माझ्या गाडीचा पुढचा बंपर दुभाजकाला घासला. दुरुस्तीचे बिल ५,२०० रुपये झाले. गॅरेजवाला म्हणाला, विमा आहे ना साहेब, मग खिशातून कशाला देता? मलाही ते पटले. भरपाई मागितली.

बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर झीज म्हणून निम्मी रक्कम कापतात. त्याशिवाय प्रत्येक भरपाईत ठराविक रक्कम मालकालाच सोसावी लागते. छोट्या मोटारीला ती साधारण १,००० रुपये असते. सर्व वजा होऊन माझ्या हाती आले २,३०० रुपये. माझी सूट तेव्हा ५० टक्के होती आणि मूळ हप्ता ६,००० होता. पुढच्याच वर्षी मला ३,००० ऐवजी ६,००० भरावे लागले. तेवीसशे मिळवले आणि पहिल्याच वर्षी तीन हजार घालवले. पुढच्या चार वर्षांचे तर वेगळेच. शेतकऱ्यांना खर्च-उत्पन्नाचा ताळेबंद शिकवणाऱ्या माणसाने हे केले, म्हणून सांगायला लाज वाटते. पण तुमचे पैसे वाचत असतील तर सांगितलेले बरे.

यातून पहिला नियम निघतो. जादा पैसे भरून बोनस राखलेला नसेल, तर भरपाई मागण्यापूर्वी कंपनीकडून प्रत्यक्षात हाती किती पडणार ते विचारा. ५० टक्के सूट असणाऱ्याला ती रक्कम सव्वापटीपेक्षा कमी असेल तर दुरुस्ती खिशातून करावी. जास्त असेल तर बेशक भरपाई घ्यावी. राईच्या बंधूंच्या गाडीचे ६०,००० चे नुकसान झाले आणि बोनस जाईल म्हणून ते गप्प बसले, तर तो शुद्ध वेडेपणा होईल.

राखण म्हणजे काय आणि काय नाही?

आता एजंट सांगतो ते ८०० रुपये. पॉलिसीवर याला 'नो क्लेम बोनस प्रोटेक्शन' किंवा अशाच अर्थाचे नाव असते. पीक तयार झाले की आपण रानात राखण ठेवतो, तशीच ही बोनसची राखण. जादा हप्ता भरला तर त्या वर्षात ठरलेल्या संख्येइतक्या, बहुधा एक किंवा दोन, भरपाया घेऊनही सूट शाबूत राहते.

ही युक्ती आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत मोटारविम्यात अशाच सोयीला 'अपघात-माफी' म्हणतात. तिथे अपघातानंतर हप्ता वाढवतात, तो पहिल्या अपघाताला वाढवायचा नाही, असा करार असतो. माफी म्हटले की फुकट मिळाल्यासारखे वाटते, पण ती बहुतेक वेळा आधी पैसे भरून घेतलेली असते.

राखण घेण्यापूर्वी चार गोष्टी पॉलिसीच्या अटींत शोधा. सापडल्या नाहीत तर एजंटाकडून लेखी घ्या.

एक, वर्षात किती भरपाया चालतात? दुसरी किंवा तिसरी भरपाई घेतली की राखण संपते आणि सूट जाते.

दोन, किती टक्के सूट असल्यावर राखण मिळते? काही कंपन्या अगदी पहिल्या पायरीवरच्या माणसाला ती देत नाहीत. मालवाहू टेम्पोला मिळते का, हेही विचारा. ही सोय मुख्यतः घरगुती मोटारींसाठी असते.

तीन, राखलेला बोनस दुसऱ्या कंपनीत चालेल का? पुढच्या वर्षीचा विमा त्याच कंपनीकडे उतरवला तरच सूट राखू, अशी अट असू शकते. तसे असेल तर स्वस्त दर मिळाला तरी कंपनी बदलता येणार नाही.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. राखण राहते ती सुटीच्या टक्क्यांची, मूळ हप्त्याची नव्हे. भरपाई घेतल्यानंतर कंपनीने पुढच्या वर्षी मूळ हप्ताच ८,००० चा ९,५०० केला, तर सूट ५० टक्केच राहील, पण भरावे लागतील ४,७५०. इंग्लंडमध्येही बोनस राखणाऱ्या लोकांना हाच अनुभव येतो. 'काहीच वाढणार नाही' असे कोणी तोंडी सांगितले तर त्यावर विसंबू नका.

घ्यावी की नाही : सोपा हिशेब

कंपनीकडून दोन आकडे मागा. राखणीसह किती, आणि राखणीविना किती. त्यातला फरक ही राखणीची किंमत. आता सव्वापटीच्या रकमेला या किमतीने भागा.

राईच्या बंधूंची सव्वापट १०,०००. राखणीची किंमत ८००. भागाकार आला साडेबारा. याचा अर्थ, साडेबारा वर्षांत एकदा तरी मोठी भरपाई घ्यावी लागेल अशी गाडी चालत असेल, तर राखण परवडते. त्याहून क्वचित लागणार असेल तर परवडत नाही. ते ८०० दरसाल डब्यात टाकले तरी बोनस जाण्याचे नुकसान भरून निघेल.

ज्यांची सूट अजून २० टक्केच आहे त्यांचे गणित निराळे. सूट गेल्याने त्यांचे पाच वर्षांत मिळून मूळ हप्त्याच्या निम्म्याइतकेच नुकसान होते. ८,००० च्या हप्त्यावर ४,०००. त्याला ८०० ने भागले तर आली पाच वर्षे. पाच वर्षांत एकदा मोठा अपघात करणाऱ्याने राखणीपेक्षा गाडी चालवण्याकडेच लक्ष द्यावे!

साधारणपणे असे म्हणता येईल. राखण घ्यावी ती ज्यांची सूट ४५ ते ५० टक्के आहे, गाडी नवी व किमती आहे, रोज हमरस्त्यावर जाते किंवा घरात कोणी नवशिका चालक आहे, त्यांनी. तसेच वर्षा-दोन वर्षांत नवी गाडी घेण्याचा बेत असेल त्यांनी. नव्या गाडीचा मूळ हप्ता २०,००० असेल तर ५० टक्के सूट म्हणजे पहिल्याच वर्षी १०,००० रुपये. जपून ठेवलेल्या बोनसचे मोल त्या वेळी कळते.

घेऊ नये ती ज्यांची गाडी दहा वर्षांची झाली आहे, हप्ता मुळातच थोडा आहे, गाडी आठवड्यातून एखादे वेळी निघते, त्यांनी. तिथे नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

आधी बांध, मग कुंपण

राईच्या बंधूंना एवढे लिहून कळवता आले असते. पण त्या बाजूला जाणे होते म्हणून मी त्यांच्या घरी थांबलो आणि पॉलिसी पाहायला मागितली. ती पाहिली तेव्हा ध्यानात आले की, त्यांचा खरा धोका बोनसचा नाहीच.

गाडीच्या मागच्या भागात भाजीच्या पाट्या होत्या. सकाळी मुलगा त्या भाईंदरच्या बाजारात विकायला पोचवतो. घरगुती मोटारीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की, गाडी भाड्याने देणे किंवा तिच्यातून माल वाहून नेणे हे विम्यात बसत नाही. अंगावरचे सामान किंवा नमुना म्हणून थोडा जिन्नस चालतो. विक्रीचा माल नव्हे. पाट्या भरलेल्या असताना अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते. भरपाईच नाकारली तर ८०० रुपये देऊन राखलेला बोनस काय चाटायचा? माल टेम्पोतूनच पाठवावा. रोजचा माल असेल तर दोघातिघांनी मिळून एक टेम्पो ठरवावा.

दुसरी गोष्ट मुलाची. वाहनमालकाने घ्यावयाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाचा. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. मुलाचे काही बरेवाईट झाले तर त्या विम्यातून काही मिळत नाही. हे ऐकल्यावर बंधू गप्प झाले. त्यांच्या घरमालकीणबाई आतून म्हणाल्या, की गाडीच्या बोनसची राखण विचारत होतात, पोराची कोणी विचारली नाही.

म्हणून त्यांना सांगितले तेच तुम्हाला सांगतो. बँकेत वा टपाल कार्यालयात बचत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून २ लाखांचा अपघात विमा मिळतो. घरातल्या प्रत्येकाचा तो काढावा. त्याहून मोठ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा मुलाच्या नावाने वेगळा घेता येतो. शिवाय सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूस २ लाख रुपये साहाय्य मिळते. दुर्दैवाने प्रसंग आलाच तर वेळ न घालवता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. गाडी चालवणाऱ्याकडे वैध परवाना हवा, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो प्रसंग या भागातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. सखल जागी गाडीच्या इंजिनात पाणी शिरले असता ती चालू करण्याचा प्रयत्न केला तर इंजिन जाम होते, आणि साध्या पॉलिसीतून त्याची भरपाई सहसा मिळत नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका. ढकलून वा ओढून गॅरेजला न्या. खाडीच्या बाजूला राहणाऱ्याने जादा पैसे भरायचेच असतील, तर इंजिनाच्या संरक्षणाचा विचार बोनसच्या आधी करावा. इंजिनाचे बिल बोनससारखे पाच वर्षांत विभागून येत नाही, एकदम येते.

खारजमीन कसणाऱ्याला हे समजवायला नको. आधी बांध भक्कम करायचा, उघाडी नीट आहे का बघायची, मग कुंपणाचा विचार. बांध फुटला तर कुंपण असून उपयोग नाही. विम्यातही तेच. जे नुकसान घर बुडवील त्याचा बंदोबस्त आधी. बोनस जाण्याचे नुकसान घर बुडवत नाही. ते किती होणार हे आधीच मोजता येते.

बोनसच्या पायी करू नयेत अशा गोष्टी

बोनस वाचवावा, पण त्याच्या पायी तीन चुका करू नयेत.

अपघातात कोणा माणसाला लागले असेल तर बोनसचा विचार मनातून काढून टाका. जखमीला आधी दवाखान्यात पोचवा. कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात खबर दिली पाहिजे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवले पाहिजे. रस्त्यावर पाच-दहा हजार देऊन मिटवले असे वाटते, पण पुढे दावा उभा राहिला तर खबर न दिल्याने आपणच अडचणीत येतो.

कंपनी बदलताना बोनस खोटा सांगू नका. मागच्या वर्षी भरपाई घेतली असता 'नाही' असे लिहून दिले, तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते. खोटे उघड झाले की आपल्या गाडीची भरपाई हातची जाते. अर्ज एजंटाने भरला असला तरी सही आपली असते.

आणि मुदत चुकवू नका. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर साचलेला सारा बोनस जातो. राखण घेतली असली तरी या विसराळूपणापुढे ती उपयोगी पडत नाही. ९० दिवस आहेत म्हणून थांबूही नये, कारण मुदत संपल्यावर एक दिवसही विम्याविना गाडी रस्त्यावर काढणे हा गुन्हा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुदतीच्या आधी पंधरा दिवस खूण करून ठेवावी.

कंपनीने भरपाई किंवा बोनस चुकीने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

मग राईच्या बंधूंनी काय केले?

भाजीच्या पाट्या त्यांनी शेजाऱ्याच्या टेम्पोत द्यायच्या ठरवल्या. घरातल्या चौघांचे २० रुपयांचे विमे काढले. मुलाच्या नावाने वेगळा अपघात विमा घेतला. राहिले ८०० रुपये. मुलगा नवशिका आहे, हमरस्त्याने बोरिवलीपर्यंत जातो, आणि दोन वर्षांत गाडी बदलायचा बेत आहे. अटी वाचून, दोन भरपाया चालतात हे लेखी घेऊन, त्यांनी दोन वर्षांपुरती राखण घ्यायचे ठरवले. मुलाचा हात बसल्यावर पुन्हा भागाकार करून पाहणार आहेत. त्यांच्या जागी माझी स्वतःची गाडी असती, महिन्यातून चार वेळा निघणारी, तर मी घेतली नसती. म्हणून शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. प्रत्येकाने आपल्या पॉलिसीवर आपला हिशेब करावा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बोनस फक्त 'ओन डॅमेज' हप्त्यावर असतो, सर्व रकमेवर नव्हे.
२. ५० टक्के सूट गेल्यास पाच वर्षांत मिळून मूळ हप्त्याच्या सव्वापट नुकसान. २० टक्के गेल्यास निम्म्याइतके.
३. सव्वापट भागिले राखणीची किंमत म्हणजे वर्षे. तेवढ्या वर्षांत मोठी भरपाई लागण्याचा संभव असेल तरच राखण घ्यावी.
४. राखण सुटीची असते, मूळ हप्त्याची नव्हे.
५. घरगुती मोटारीतून विक्रीचा माल नेऊ नये.
६. गाडी चालवणाऱ्या माणसाचा विमा आधी, बोनसचा नंतर.
७. माणसाला लागल्यास २४ तासांत पोलिसांना खबर द्यावी.
८. मुदतीपूर्वी नूतनीकरण करावे.

आपल्या पॉलिसीतले आकडे समजले नाहीत तर त्याची नक्कल घेऊन जवळच्या कृषी कार्यालयात या, किंवा कार्यक्रमाकडे पत्र पाठवा. सही मात्र समजल्यावरच करा.